पंधरा मिनिटांचं दुकान

आता जी गोष्ट सांगतो ती शंभर टक्के खरी आहे. शपथेवर सांगतो. मी ती माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे अगदी स्वतःच्या म्हणता येणार नाही, कारण तेव्हा मी तिथं नव्हतो. पण ज्याच्या डोळ्यांनी पाहिली त्याच्या चष्म्याचा नंबर माझ्यापेक्षा कमी आहे, तेव्हा तुमचा फायदाच आहे. नव्वद टक्के खरी धरून चला. उरलेले दहा टक्के कुठले ते शेवटी सांगेन. (आधी सांगितलं तर लोक तेवढंच वाचून उठतात, असा माझा अनुभव आहे.)

गोष्ट जावकची. त्याला हे नाव कचेरीत पडलं. बावीस वर्षं तो जावक विभागात होता. बाहेर जाणाऱ्या पाकिटावर शिक्का मारायचा, वहीत नंबर टाकायचा आणि पाकीट खिडकीतून पलीकडे सरकवायचं, एवढंच काम. शेजारच्या टेबलावर आवकचा कारकून बसे. येणारी सगळी पाकिटं त्याच्याकडे. बावीस वर्षं जावक त्या टेबलाकडे तिरक्या नजरेनं पाहत कुढला. त्याच्याकडे सगळं येतं आणि माझ्या हातून सगळं जातं, हे त्याचं दुःख होतं. पगार दोघांना एकाच तारखेला आणि एकाच आकड्यात मिळायचा, पण माणसाला कुढायचंच असेल तर पगारपत्रक आड येत नाही.

हा असा स्वभाव, आणि त्यात देवानं त्याला साडू दिला.

जावकची बायको थोरली आणि तिची बहीण धाकटी. धाकटीचा नवरा वीज कंपनीत मीटर वाचायचा, म्हणून तो मीटर. कुणाच्याही घरी गेला की त्याची नजर आधी दाराच्या वरच्या कोपऱ्यात जायची, मग माणसांकडे. दोघं एकाच गल्लीत, समोरासमोर राहत. एकमेकांना 'साडूभाऊ' म्हणत आणि ते म्हणताना दोघांचेही दात दिसत.

सहा वर्षांपूर्वी दोघी बहिणी कामासाठी परदेशी गेल्या. नऊशे खोल्यांचं एक हॉटेल, त्यातला चादरींचा विभाग. एकीनं चादरीची दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन, आणि घडी घालायची. दिवसाचे दहा तास. राहायला दोघींत एक खोली. दर महिन्याला घरी पैसे यायला लागले, तसे दोन्ही नवऱ्यांनी नोकऱ्या सोडल्या. मीटरनं आधी सोडली. जावकला ते कळलं मंगळवारी, आणि बुधवारी त्यानं स्वतःचाच राजीनामा स्वतःच्याच शिक्क्यानिशी जावक केला.

गल्लीत पंधरा घरं, त्यांतल्या अकरा घरांतलं कुणी ना कुणी बाहेर होतं. त्यामुळे गल्लीला अकरा नवी लोखंडी फाटकं आली, नऊ सोफे आले (वरचं प्लास्टिक कुणी काढलं नव्हतं), पण बाहेर राबणाऱ्यांचं मागणं वेगळंच होतं. सगळ्यांच्या फोनवर एकच वाक्य यायचं: तिकडे काहीतरी धंदा उभा करा, म्हणजे आम्हाला परत येता येईल. घरचे मान डोलवायचे. फोनवर मान छान डोलवता येते.

थोरलीची सुट्टी रविवारी. बरोबर दहाला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिच्या मागे नेहमी एक निळा पडदा दिसे, चुण्याचुण्यांचा, ऐटबाज. जावकला त्या पडद्याचाही हेवा वाटायचा. आपली बायको परदेशात खिडकीपाशी बसते आणि आपल्या खिडकीतून काय दिसतं, तर मीटरचं फाटक. एकदा त्यानं विचारलंही होतं, त्या खिडकीतून काय दिसतं गं? थोरली जरा थांबून म्हणाली होती, समुद्र.

त्या रविवारी ती म्हणाली, "अहो, धाकटीच्या ह्यांनी दुकान उघडलंय. पडद्यांचं. दर रविवारी नऊ वाजता तिला दाखवतात, आज मी पण पाहिलं. काउंटर आहे, मागे घड्याळ आहे. एक गिऱ्हाईक पण होतं. पाठमोरं होतं, पण होतं."

जावक सोफ्यावर आडवा होता तो उठून बसला. पोटात बेंबीच्या वर चार बोटं काहीतरी पेटलं. मीटरनं दुकान उघडलं, आणि समोरच्या घरात राहून आपल्याला पत्ता नाही? दर रविवारी साडेनऊला तो इस्त्रीचा शर्ट घालून परत येताना दिसायचा, तो दुकानातून येत होता तर.

"आणि तुमचं काय चाललंय?" थोरलीनं विचारलं.

आता इथं 'काही नाही' म्हणायला काय हरकत होती? सहा वर्षं तो तेच म्हणत होता. पण पोटातली ती चार बोटं बोलून गेली.

"माझंही आहे की दुकान."

"कसलं?"

"पडद्यांचंच," जावक म्हणाला. आणि मग, राहवेना म्हणून, "त्याच्यापेक्षा जरा मोठं."

पुढच्या रविवारी दाखवा, असं सांगून थोरलीनं फोन ठेवला.

तो आठवडा जावकनं कसा काढला ते डॉक्टरांना माहीत. जळजळ थांबेना म्हणून तो दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतंत? तो म्हणाला, खाल्लं काही नाही, साडूला भेटलो होतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि जेवणानंतर घ्यायच्या की साडूनंतर ते मात्र लिहिलं नाही.

मीटरला त्यानं आडून आडून विचारून पाहिलं. धंदापाणी कसं काय? मीटर म्हणाला, चाललंय आपलं. कुठे? आहे आपलं तिकडे. नजर लागेल म्हणून लपवतोय, हे जावकनं ओळखलं. (लागलीच असती. त्याची नजर गेले चार दिवस त्याच कामावर होती.)

शेवटी शनिवारी तो बाजारात गेला. बाजारात पडद्यांचं दुकान एकच, तीस वर्षांचं जुनं. ते मीटरचं असणं शक्य नव्हतं, कारण आत तोच म्हातारा पडदेवाला तीस वर्षांपूर्वीच्याच स्टुलावर बसलेला होता. मागे चार वाजून वीस मिनिटांवर थांबलेलं घड्याळ, कोपऱ्यात पडद्यांच्या दांड्या, कापडांचे ताके, आणि धूळ. जावकनं अर्धा तास कापडं चाचपली. हे केवढ्याला, ते केवढ्याला, धुतल्यावर आकसतं का, सगळं विचारून झालं. मग घसा साफ करून म्हणाला, "मला विकत काही नकोय. उद्या दहा वाजता मला जरा तुमच्या जागेवर बसायचंय."

आता म्हातारा आपल्याला हाकलणार, अशी त्याची खात्री होती. म्हाताऱ्यानं कानामागची पेन्सिल काढली.

"बसून की उभं?"

"म्हणजे?"

"उभं राहिलात तर स्वस्त पडेल. बसायचं म्हटलं की गल्ला पण दिसतो. पंधरा मिनिटांचा दर आहे. गिऱ्हाइकांसकट की गिऱ्हाइकांशिवाय?"

जावकला मनात एकच गोष्ट दिसत होती: साडूकडे गिऱ्हाईक होतं एक. "तीन द्या," तो म्हणाला.

"पाठमोरी की तोंड दाखवणारी? तोंडवाली महाग आहेत."

दोन पाठमोरी आणि एक तोंडवालं, असं ठरलं. काही कमी होईल का, म्हणून जावकनं विचारलं, तर म्हातारा म्हणाला, ते मालकांच्या हातात, मी पगारी. हे ऐकून जावकला फार बरं वाटलं. म्हणजे हा म्हातारा दुकानदार नव्हताच. हेवा करायचं एक माणूस कमी झालं. मालक कोण, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. साध्या माणसाला सुचलं असतं. पण साध्या माणसाला मुळात त्या दुकानात जावंच लागलं नसतं.

रविवारी दहाला जावक इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरमागे बसला. दोन पाठमोरी गिऱ्हाइकं समोर उभी राहिली, आणि तोंडवालं तर असं रंगात आलं की विचारू नका. फोनमध्ये तोंड घालून म्हणालं, "शेठ, तुमच्याकडचा मागचा पडदा इतका टिकला की घर पडलं, पण पडदा नाही पडला."

जावकला वाटलं, जरा जास्त झालं. पण थोरली त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती त्याच्या डोक्याच्या वर पाहत होती.

"अहो, ते मागचं घड्याळ."

"बंद पडलंय. दुरुस्तीला टाकायचंय."

थोरलीनं फोन आणखी जवळ धरला. भारावली, असं जावकला वाटलं. मग तिनं हाक मारली, धाकटे, इकडे ये जरा. धाकटीचा चेहरा फोनमध्ये आला, तिनं घड्याळ पाहिलं, मागच्या दांड्या पाहिल्या, कोपऱ्यातला फुलाफुलांचा ताका पाहिला, आणि ती एकदम हसायला आणि रडायला बरोबरच लागली.

"भावोजी, तुम्ही दोघं भागीदारीत आहात आणि आम्हाला सांगितलं नाहीत? आम्ही इकडे देवाला म्हणतोय, ही दोन माणसं एकमेकांशी धड बोलली तरी पुरे."

जावकच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मीटरचं दुकान म्हणजे हेच. नऊ ते सव्वानऊ. आपण त्यानं गरम केलेल्या जागेवर येऊन बसलोय. सत्य सांगावं तर आपलं पितळ उघडं पडतं आणि मीटरचंही. मीटरचं उघडं पडायला त्याची हरकत नव्हती, पण एकट्या मीटरचं उघडं पाडायची काही युक्ती त्याला सापडेना. तो म्हणाला, "तुम्हाला चकित करायचं होतं."

"झालो," थोरली म्हणाली. "मग आता ऐका. दोन महिन्यांनी आमचा करार संपतोय. नव्यावर सही करणार नाही आम्ही. दुकान आहे, तर कशाला राहायचं इथं? घरी येतो."

आणि तिनं डोळे पुसायला हात वर केला. सहा वर्षांत जावकनं बायकोचा चेहराच पाहिला होता. हात नेहमी फोन धरण्यात असायचा. आज फोन धाकटीच्या हातात होता. थोरलीची बोटं पांढरी पडली होती, टोकांची सालं निघाली होती, आणि नखांभोवती चिरा होत्या. पाठमोऱ्या गिऱ्हाइकांपैकी एकानं खुणेनं सांगितलं की पंधरा मिनिटं झाली.

तो थेट मीटरकडे गेला. मीटरला धाकटीचा फोन येऊन गेला होता. तो पायरीवर बसून स्वतःच्याच घराचं मीटर बघत होता. जावक त्याच्या शेजारी बसला. मग मीटरनं विचारलं, पंधरा मिनिटांचे किती दिलेस? जावकनं सांगितलं. मीटरचा चेहरा उजळला. त्यानं कमी दिले होते. जावक म्हणाला, मी तीन गिऱ्हाइकं घेतली होती. मीटरचा चेहरा पुन्हा पडला. अशा रीतीनं दोघं बरोबरीत आले, आणि मगच त्यांना मुद्द्याचं बोलता आलं.

मुद्दा हा की दोन महिन्यांनी दोघी येणार, त्या दुकानासाठी येणार, आणि दुकान नाही. नव्या करारावर सही न करता आलेल्या बाईला परत कोण घेतं? तेव्हा दोघांनी उरलेसुरले पैसे एकत्र करून ते दुकानच खरोखर विकत घ्यायचं ठरवलं. एवढं ठरायला दहा मिनिटं लागली. पाटीवर आधी कुणाचं नाव, यावर दोन दिवस गेले. शेवटी पाटी गोल करायची ठरली, म्हणजे कुठूनही वाचायला सुरुवात करता येईल.

मंगळवारी दोघं दुकानात गेले. मालकांना भेटायचंय, म्हणाले. पडदेवाला म्हणाला, मागे बसल्यात.

'बसल्यात' हा शब्द ऐकूनच दोघांची चाल मंदावली. ताक्यांच्या मागे एक खुर्ची होती. समोरच्या गुंडाळीवर पाय लांब केलेले, दोन्ही गुडघ्यांना बँडेज, मांडीवर वही. सासूबाई.

"या जावईबापू," त्या वहीतून डोकं न काढता म्हणाल्या. "वेळ घेतलीये का?"

सासूबाई सहा महिने एका जावयाकडे राहत, सहा महिने दुसऱ्याकडे. त्यांचे गुडघे गेलेले होते, आणि दोघी मुली ऑपरेशनसाठी म्हणून आईला वेगळे पैसे पाठवत. त्या पैशांचं काय झालं हे जावयांनी कधी विचारलं नव्हतं, कारण मग इतर पैशांचं काय झालं हे सासूबाईंनी विचारलं असतं. आता ते आपसूक कळलं. मीटरच्या घरी असताना त्यांना भिंतीपलीकडून ऐकू आलं की जावई धाकटीला धंद्याच्या थापा मारतोय. दाखवा म्हणाली की याची गाळण उडणार, हे त्यांनी ताडलं. मग गल्लीतल्या अकरा घरांचा विचार केला. प्रत्येक घरात एक थाप, आणि प्रत्येक थापेला कधी ना कधी दुकान लागणार. पडदेवाल्याचं दुकान बसलेलंच होतं. गुडघ्यांच्या पैशांत ते आलं, आणि म्हातारा पगारावर राहिला.

पहिलं गिऱ्हाईक अर्थातच मीटर. म्हाताऱ्यामार्फत त्याच्या कानावर घातलं. आता आजूबाजूच्या पाच गल्ल्यांतून लोक येत होते. रविवार तर सकाळी सातपासून भरलेला. कापडाला कंटाळलेल्यांसाठी एका भिंतीवर रिकामे मिक्सरचे खोके रचले होते. फोन जरा उजवीकडे वळवला की मिक्सरचं दुकान. खरं गिऱ्हाईक पडदा घ्यायला आलं तर मात्र फार खोळंबा व्हायचा. त्याला सांगायचं, सोमवारी या, आज धंदा जोरात आहे.

दोन्ही जावयांनी आलटून पालटून गयावया केली. दुकान आम्हाला विका, पोरी येतायत.

"चालतं दुकान कुणी विकतं का?" सासूबाई म्हणाल्या. "नोकरी देते. दोन पाठमोऱ्या गिऱ्हाइकांच्या जागा रिकाम्या आहेत."

"आणि त्या आल्यावर काय सांगायचं?" जावक म्हणाला.

"तुमचं तुम्ही बघा. मी त्यांना ऑपरेशन झालं म्हणून सांगून बसलेय, माझं मला निस्तरायचंय."

पुढचे दोन महिने जावकला जसे गेले तसे कुणाला जाऊ नयेत. फोनवर थोरली सामान आवरल्याचं सांगे, कुणाकुणाला काय घेतलं ते दाखवे, आणि तो खरं सांगायला तोंड उघडे. पण मग मनात येई, आपण आधी सांगितलं तर मीटर म्हणेल, मी सांगणारच होतो. आणि मीटरनं आधी सांगितलं तर तो धाकटीच्या नजरेत खरं बोलणारा नवरा ठरेल, तेही सोसण्यासारखं नव्हतं. दोघं एकमेकांवर नजर ठेवून गप्प बसले. वर आणखी असं की दोघांनी सासूबाईंची नोकरी पत्करली होती, आणि तीन आठवड्यांत मीटरला बढती मिळाली. त्याला आता एक वाक्य होतं. 'साडेचार फूट बाय सात,' असं तो म्हणायचा, खिडकीचं माप म्हणून. खणखणीत म्हणायचा, मेला. जावक पाठमोराच राहिला. त्याच्या पाठीत काय कमी होतं?

दोघी सोमवारी यायच्या होत्या. सोमवारी सकाळी दुकान बंद ठेवायचं, तिथं दोघींना बसवायचं आणि पाया पडायचं, इथवर जावकनं ठरवलं होतं. पण तिकीट एक दिवस आधीचं मिळालं, आणि नवऱ्यांना चकित करायचं म्हणून दोघींनी कळवलं नाही. रविवारी सव्वादहाला त्या बसस्टँडवरून सामानासकट थेट दुकानावर आल्या.

आत पाण्याच्या टाक्या साफ करणारा एक इसम परदेशातल्या भावाला आपलं दुकान दाखवत होता. दारात पडदेवाल्यानं ओठांवर बोट ठेवून दोघींना थांबवलं. धाकटीला आतून साडेचार फूट बाय सात ऐकू आलं आणि ती मटकन बॅगेवर बसली. थोरली दोन पावलं आत आली.

समोर जावकची पाठ होती. ती पाठ तिनं सहा वर्षांत पाहिली नव्हती, पण ओळखली.

"अहो," ती हळूच म्हणाली.

जावकनं हाक ओळखली. वळावं तर पाठमोरं गिऱ्हाईक वळलं की पैसे परत, हा नियम. आणि टाकीवाल्यानं बसून, गिऱ्हाइकांसकट, अर्ध्या तासाचं घेतलं होतं. तो तसाच उभा राहिला. मागे बायको सहा वर्षांनी आलेली, आणि हा हातात फुलाफुलांचा पडदा धरून समोरच्या बंद घड्याळाकडे बघतोय. कानामागून घामाचा ओघळ निघाला. सहा मिनिटं, सात मिनिटं. मागून नाक ओढल्याचा आवाज आला. फोनमधला भाऊ म्हणाला, तुझ्या दुकानात कुणीतरी बाई रडतेय का रे? टाकीवाला म्हणाला, भाव ऐकून रडतात कधीकधी.

तेव्हा जावक वळला. पैसे परत गेले ते गेलेच, सासूबाईंनी त्याच्या पगारातून कापले. पण बावीस वर्षं आणि वर दोन महिन्यांत त्यानं पहिल्यांदाच नियम मोडला, एवढं त्याच्या नावावर लिहा. थोरलीच्या समोर उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. दुकान नाही, कधीच नव्हतं, पैशांचा सोफा झाला. मीटर मध्ये काहीतरी बोलायला गेला, तेव्हा त्याला गप्प बसवून जावकनं मीटरच्या वाटचंही सांगून टाकलं. (कबुलीतसुद्धा त्याला पुढे राहायचं होतं.)

थोरलीनं ऐकून घेतलं.

"घड्याळ पाहिलं तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली. "धाकटीला खरं वाटलं, ती भोळी आहे."

"मग आलीस कशाला?"

"एकेकटे खोटं बोलत होतात तोवर परवडत होतं. दोघं मिळून बोलायला लागलात, मग घरी कुणीतरी हवं की नको?" तिनं त्याच्या हातातला पडदा काढून घेतला आणि सवयीनं चार घड्या घातल्या. "आणि आमच्या मागे तो निळा पडदा दिसायचा ना? त्याच्या मागे खिडकी नाही. भिंत आहे. तळघरातली खोली ती. टाकाऊ चादर रंगवून मीच लावला होता, तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

जावकनं त्या खिडकीचा सहा वर्षं हेवा केला होता. तो खाली बसला. मागून ताक्यांच्या आडून सासूबाईंचा आवाज आला, की जागा अडवू नका, पावणेअकराची वेळ दिलेली आहे. आवाज ऐकून दोघी आत धावल्या, आणि गुडघ्यांची बँडेजं पाहून तिथं जे काय झालं ते बाहेर नीट ऐकू आलं नाही. पण पुढचे तीन आठवडे जावई ताठ मानेनं फिरले. चौथ्या आठवड्यात खरंच ऑपरेशन झालं, दुकानाच्या कमाईतून.

थोरली आणि धाकटी परत गेल्या नाहीत. थोरली काउंटरवर बसली आणि पहिल्याच महिन्यात तिनं हिशोब मांडला: त्या एका हॉटेलच्या तळघरात दोनशे माणसं राहतात, तशी तळघरं त्या गावात शंभर, आणि खिडकी एकाही खोलीला नाही. घरच्यांना दाखवायला पडदा मात्र प्रत्येकाला हवा. तिनं जुन्या मैत्रिणींना फोन लावले. भिंतीवर लावायचा पडदा, दांडीसकट, मागून उजेड येतोय असं वाटणारं पिवळं अस्तर लावून. दोन महिन्यांत इतकी मागणी आली की मिक्सरचे खोके काढून तिथं शिलाईची मशिनं टाकावी लागली. खोट्या दुकानाचे रविवार सासूबाईंनी चालू ठेवलेच. त्या म्हणतात, दोन्ही टोकांना माल एकच आहे.

जावईही कामाला लागले. मागणीची पत्रं आणि फोन येतात ते मीटर घेतो. त्याला खिडकीजवळ टेबल आहे. तयार पार्सलं बाहेर पाठवायचं काम जावककडे. पार्सलावर शिक्का मारायचा, वहीत नंबर टाकायचा आणि पार्सल खिडकीतून पलीकडे सरकवायचं. शेजारच्या टेबलावर मीटरकडे दिवसभर सगळं येत असतं. जळजळीच्या गोळ्या आता तो दुकानाच्या खर्चात घेतो.

राहता राहिले ते दहा टक्के. सुरुवातीला मी म्हणालो की तेव्हा मी तिथं नव्हतो. ते खोटं. तीन गिऱ्हाइकांतलं ते तोंडवालं गिऱ्हाईक मीच, आणि घर पडलं पण पडदा नाही पडला, हे वाक्य माझं स्वतःचं आहे. चष्मेवाला माणूस वगैरे कुणी नाही. बाकी सगळं जसंच्या तसं.

अलीकडे मात्र सासूबाईंनी मलाही पाठमोरं केलंय. म्हणतात, तुमचं तोंड दिसलं की लोकांना दुकान खोटं वाटतं.